टर्मिनलपंत

ज्या कचेरीत दहाबारा संगणक आहेत, तिथे एक टर्मिनलपंत असतातच. कंपनी त्यांना या हुद्द्यावर नेमत नाही. नेमणूकपत्रावर आधी काहीतरी 'सीनियर' आणि नंतर काहीतरी 'इंजिनिअर' असतं. पण महिन्याभरात एचआरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना कळून चुकतं की या मजल्यावरचे टर्मिनलपंत ते हेच. ओळखायची खूण सोपी आहे. इतरांच्या पडद्यावर खिडक्या, रंगीत ठोकळे, लेकराचा बारशातला फोटो. पंतांच्या पडद्यावर नुसता काळोख आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा एक चौकोन. माउस कंपनीने दिलेला आहे, पण तो वायर गुंडाळून मॉनिटरच्या मागे ठेवलेला असतो. कुणी नवीन आला की पंत उदारपणे म्हणतात, "लागला तर घेऊन जा. आमच्याकडे खपत नाही."

वय अठ्ठावीस ते अठ्ठावन्न यांच्यामधलं काहीही. चष्मा असतोच. दाढी असली तर ती ठेवलेली नसते, राहून गेलेली असते. आमच्या पुण्यातल्या कचेरीतले पंत मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे बोलणं मोजकं आणि टोचणारं. बाकी हा नमुना पुण्यात, ठाण्यात, बंगळुरात आणि न्यू जर्सीत सारखाच सापडतो.

सॉफ्टवेअरमधल्या सगळ्याच दोषांत पंतांना रस असतो असं नाही. हिशेब चुकला, सर्व्हर पडला, ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले, असल्या ढोबळ भानगडी ते तरुण मंडळींवर सोपवतात. पंतांचा प्रांत अगदी चिंचोळा: काम बरोबर झालंय, पण छापलं चुकीचं गेलंय. ओळ दोनदा आली. ओळ आलीच नाही. आली, पण आपल्या आधीच्या ओळीच्याही आधी आली. प्रॉम्प्ट उत्तराला चिकटला. लांब कमांड टाइप करताना ओळ खाली उतरायच्या ऐवजी स्वतःच्याच सुरुवातीवर चढून बसली. असलं काही कानावर पडलं की पंतांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पगारवाढीच्या पत्राने कधी आलेलं आम्ही पाहिलं नाही.

मात्र त्यांच्यापर्यंत तक्रार नेणं सोपं नाही. आमच्या टीममधला एक नवा मुलगा घाईघाईने त्यांच्या टेबलाशी गेला.

"पंत, शेल चुकीचं दाखवतंय."

पंतांनी खुर्ची वळवली नाही. "शेल दाखवत नाही. शेल लिहितं. दाखवतं ते टर्मिनल. शेलने ज्याला कामाला लावलं तो प्रोग्रॅम तिसराच. तुझी तक्रार नेमकी कुणावर?"

"म्हणजे... जे दिसतंय ते चूक आहे."

"काय दिसायला हवं होतं? काय दिसलं? पडद्यावर दिसलं की फाइलीत? पाइप मध्ये होता का?"

मुलाने मोबाइल पुढे केला. पडद्याचा फोटो काढून आणला होता. पंतांनी तो फोटो बघितला आणि परत दिला. "छान आलाय. पण यात स्पेस कुठली आणि टॅब कुठला ते सांग बघू."

हे पंतांचं मूळ तत्त्व. डोळ्यांना दिसतं त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचा विश्वास 'ओडी' या कमांडवर. ही कमांड १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून आहे आणि तिचं काम एकच: फाइलीतला एकेक बाइट उघडा करून मांडायचा. स्पेस, टॅब, नवी ओळ, घंटीचा कोड, लपलेलं काहीही असो, ओडीपुढे सगळ्यांना नाव सांगून उभं राहावं लागतं. आपण इतिहासाचे पुरावे म्हणून ताम्रपट बघतो. पंत ओडीचं आउटपुट बघतात, आणि तेवढाच वेळ बघतात.

त्या मुलाची तक्रार खरी होती. त्याची स्क्रिप्ट रोमन लिपीतली गावांची यादी वाचून प्रत्येक नावापुढे एक स्पेस सोडून 'डन' छापत होती. पडद्यावर मात्र सोलापूरची पहिली पाच अक्षरं गायब, त्यांच्या जागी स्पेस आणि डन, आणि पुढे सोलापूरच्या शेवटची दोन अक्षरं लोंबकळत राहिलेली. मुलाने ठरवून टाकलं होतं की स्क्रिप्ट नावं कापते. पंतांनी ओडी चालवली, बोट ठेवलं आणि म्हणाले, "सोलापूर सुखरूप आहे. कुणी कापलेलं नाही. त्याच्यावर छापलंय."

यादीची फाइल विंडोजवर तयार झाली होती. टेलिटाइपच्या जमान्यात ओळ संपली की यंत्राला दोन हालचाली कराव्या लागत: छापणारा भाग डाव्या कडेला न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. दोन हालचालींना दोन चिन्हं. युनिक्सने फाइलीत एकच चिन्ह ठेवलं, विंडोजने डॉसकडून आलेली दोन्ही जपली. म्हणून प्रत्येक गावाच्या नावामागे 'डाव्या कडेला जा' ही आज्ञा चिकटून आली होती. टर्मिनलने सोलापूर छापलं, आज्ञेप्रमाणे डाव्या कडेला गेलं आणि तिथून डन छापलं. "यात चुकलं कोण?" पंतांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "कुणीच नाही. सगळ्यांनी सांगितलं तेच केलं." हे वाक्य पंत इतक्या समाधानाने उच्चारतात की दोष दुरुस्त झाल्यापेक्षा कुणीच दोषी न निघाल्याचा आनंद त्यांना जास्त होतो, असं वाटायला लागतं.

दुसरा एक हौशी सहकारी. त्याने बॅश या शेलचा प्रॉम्प्ट कुठूनतरी उचलून आणला: हिरवं नाव, निळा फोल्डर, लाल बाण. दिसायला झकास. पण कमांड जरा लांबली की ओळ गुंडाळली जाऊन स्वतःच्याच प्रॉम्प्टवर चढायची. त्याने कंटाळून रंग काढून टाकले आणि 'सुटला प्रश्न' म्हणून चहाला निघाला. पंतांनी त्याला दारातून परत बोलावलं आणि रंग पुन्हा लावायला लावले. "दोष काढायचा असतो. रंग नाही."

रंग बदलायच्या खुणा पडद्यावर दिसत नाहीत, जागाही घेत नाहीत. पण बॅशला हे सांगावं लागतं. त्या खुणा \[ आणि \] या दोन कुंपणांत घातल्या नाहीत, तर बॅश त्यांनाही अक्षरं समजून मोजतं, आणि ओळ कुठे संपते याचा त्याचा हिशेब चुकतो. पंतांनी चार ठिकाणी कुंपण घातलं, ओळ शहाण्यासारखी खाली उतरली, आणि सहकाऱ्याचा चहा थंड झाला.

नव्या ओळीचं चिन्ह हा पंतांचा खास हळवा विषय. पॉझिक्स या मानकाच्या व्याख्येनुसार ज्या मजकुराच्या शेवटी नव्या ओळीचं चिन्ह नाही, ती मुळात ओळच नव्हे. अशी अपुरी ओळ छापली गेली की बॅशचा प्रॉम्प्ट तिच्या शेपटीला जाऊन चिकटतो. झेडशेल जरा सभ्य: ते उलट्या रंगात टक्क्याची खूण दाखवून 'ओळ अपुरी आहे' असं सुचवतं आणि प्रॉम्प्ट खाली आणतं. बाजूच्या टेबलावरच्या मुलीने ती टक्क्याची खूण हाच बग समजून ती बंद करायचा उपाय शोधला, तेव्हा पंत दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. घरीही तेच. वहिनींनी किराण्याची यादी मोबाइलवर पाठवली की पंत तिला उत्तर म्हणून फक्त एक रिकामी ओळ पाठवायचा प्रयत्न करतात. मोबाइल रिकामा संदेश पाठवू देत नाही, हा पंतांच्या मते त्यातला दोष.

पंतांना देव आहेत आणि ते सगळे पाश्चात्त्य आहेत. आद्यस्थानी केन थॉम्प्सन, ज्यांनी १९७१ साली युनिक्सचं पहिलं शेल लिहिलं. मग बेल लॅब्जचेच स्टीफन बोर्न, ज्यांचं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. मग ग्नू प्रकल्पासाठी १९८९ साली बॅश आणणारे ब्रायन फॉक्स. आणि त्यानंतर बॅश ज्यांनी कित्येक दशकं सांभाळलं ते ओहायोतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचे चेट रेमी. शेवटच्या नावापाशी पंतांचा आवाज खाली येतो. "एक माणूस," ते म्हणतात, "आणि आख्खं जग त्याचं शेल वापरतं." आमच्या मॅनेजरने बॅश हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते २०१४ च्या सप्टेंबरात, शेलशॉक नावाचं सुरक्षेतलं भोक जगजाहीर झालं तेव्हा. सगळे सर्व्हर रातोरात दुरुस्त करायची धावपळ चालू असताना पंत आपलं काम चोख करत होते, पण मन लावून नव्हे. भोक गंभीर होतं, पण ते छापण्यातलं नव्हतं.

पंतांची आवडती कथा मात्र स्टँडर्ड एररची. सुरुवातीच्या युनिक्समध्ये प्रोग्रॅमला बोलायला एकच वाट होती. उत्तरही त्याच वाटेने, तक्रारही त्याच वाटेने. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर होतं, मजकूर छपाईच्या दर्जाच्या अक्षरांत उतरवणारं. प्रोग्रॅममध्ये काही बिनसलं की चूक झाल्याचा संदेश माणसाच्या टर्मिनलवर यायच्या ऐवजी थेट टाइपसेटरकडे जाई आणि सुबक टायपात छापून बाहेर पडे. असे महागडे कागद अनेकदा वाया गेल्यावर तक्रारींसाठी वेगळी वाट काढली गेली. ती आज क्रमांक २ ची वाट म्हणून ओळखली जाते, आणि ती क्रमांक १ च्या वाटेला कशी आणि कुठल्या क्रमाने जोडायची यावर पंत नवशिक्यांची तोंडी परीक्षा घेतात. आधी फाइल आणि मग जोड, की आधी जोड आणि मग फाइल? शेल डावीकडून उजवीकडे वाचतं, म्हणून पहिल्यात तक्रारी फाइलीत जातात आणि दुसऱ्यात पडद्यावरच राहतात. नवशिक्या बहुधा दुसरं लिहितो आणि पंतांना एक सकाळ सत्कारणी लावायला मिळते.

ही शिकवण त्यांनी एकदा सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेतही मांडली. सभेचं इतिवृत्त आणि सभासदांच्या तक्रारी एकाच वहीत लिहिल्या जातात, त्यामुळे ठराव क्रमांक ४ च्या मधोमध 'बी विंगच्या पाइपातून गळती' असं घुसलेलं असतं. पंतांनी सूचना मांडली की तक्रारींसाठी वेगळी वही ठेवावी आणि दोन्ही वह्या एकत्र वाचायच्या असतील तर तसं स्पष्ट सांगावं. सूचना बिनविरोध मंजूर झाली. ती लिहिली गेली ती त्याच वहीत, गळतीच्या खाली.

त्याच सोसायटीत पंतांच्या आयुष्यातला सर्वांत देखणा बग निघाला. खालच्या मजल्यावरची मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला तिला सी भाषेत स्वतःचं छोटं शेल लिहायचं होतं. तिने लिहिलं, आणि बरं लिहिलं. प्रत्येक कमांड चालवण्याआधी तिचं शेल 'रनिंग' असं म्हणून कमांडचं नाव छापायचं. प्रॉम्प्ट ती दोन क्रमांकाच्या वाटेने छापत होती, खरं बॅशही तेच करतं. सरांनी सांगितलं होतं की चुकीची कमांड दिल्यावर काय होतं तेही दाखवा, आणि आउटपुट फाइलीत घेऊन जर्नलला जोडा. तिने आधी दोन मुद्दाम चुकीच्या कमांड दिल्या, मग तारीख विचारणारी एक बरोबर कमांड. पडद्यावर करून बघितलं तेव्हा रनिंगच्या तीन ओळी, तारीख जागच्या जागी. फाइलीत घेतलं तेव्हा रनिंगच्या सहा ओळी: पहिली तीनदा, दुसरी दोनदा, तिसरी एकदा. वर तारीख आधी छापलेली आणि 'आता तारीख चालवते' हे नंतर.

"काका, जास्तीच्या ओळी हाताने काढून टाकू का? उद्या सबमिशन आहे."

"अगं, पुरावा नष्ट करतेस?" पंत चप्पल न घालताच खाली उतरले.

मुलीच्या आईने पोहे केले. पंतांनी ते न बघता खाल्ले. समोर ओडी, त्याखाली 'स्ट्रेस', म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला काय काय सांगितलं त्याची इत्थंभूत नोंद. सहा ओळी छापणारे हात तीन वेगवेगळ्या प्रोसेसचे निघाले. पंतांनी ताटली खाली ठेवली आणि मुलीला विचारलं, "साताऱ्याकडे वडापने गेलीस कधी?"

मुलगी गेली होती.

"वडापची जीप भरल्याशिवाय हलते का? नाही. तुझ्या सी लायब्ररीचंही तसंच. समोर टर्मिनल असेल तर ओळ संपली की ती लगेच निघते, कारण माणूस वाट बघतोय. समोर फाइल किंवा पाइप असेल तर कुणाला घाई नाही. मग ती काही हजार बाइट भरेपर्यंत थांबते. तुझी पहिली ओळ जीपमध्ये बसली. जीप जागेवर. आता तू फोर्क केलंस. फोर्क म्हणजे त्या जीपची हुबेहूब दुसरी जीप, आत बसलेल्या माणसासकट. कमांड बरोबर असती तर एक्झेक झालं असतं आणि दुसऱ्या जीपमधलं सगळं पुसलं गेलं असतं. पण कमांड चुकीची. म्हणून तुझ्या चाइल्ड प्रोसेसने एक्झिट म्हटलं. एक्झिट म्हणजे शेवटचा थांबा. आत असतील तेवढे सगळे उतरा."

मुलगी बोटं मोजायला लागली. "म्हणजे पहिल्या कमांडला पहिली ओळ उतरली. दुसऱ्या कमांडला मूळच्या जीपमध्ये दोघी होत्या, त्यांची प्रत निघाली, दोघी उतरल्या. तिसरी कमांड बरोबर होती, तिथे कुणी उतरलं नाही. आणि शेवटी मूळची जीप पोचली, तिघी उतरल्या."

"तीन, दोन, एक," पंत म्हणाले. त्यांचा गळा दाटून आला असावा; पोह्यांतली मिरचीही असू शकेल.

"आणि तारीख आधी का?"

"तारखेचा प्रोग्रॅम आपलं काम संपवून लगेच उतरला. तुझी जीप अजून स्टँडवरच होती."

दुरुस्ती दोन ठिकाणी होती. फोर्कच्या आधी एफफ्लश, म्हणजे जीप रिकामी करूनच तिची प्रत काढायची. आणि चाइल्डच्या शेवटी एक्झिटच्या जागी अंडरस्कोअर लावलेलं एक्झिट, जे कुणालाही न उतरवता थेट प्रोसेस संपवतं. पहिल्याने भागलं असतं, पण पंत भागवणाऱ्यांतले नव्हेत. बदल मिळून दीड ओळीचा झाला. त्यावर व्याख्यान मध्यरात्रीपर्यंत चाललं. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी युनिक्स प्रोग्रॅमिंगवरच्या १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात नेमकं हेच कोडं उदाहरण म्हणून दिलं आहे, हे सांगून पंतांनी ग्रंथ वरून आणला. तेव्हा मुलीच्या वडिलांनी दिवे मालवायला सुरुवात केली होती. ओरलला एक्स्टर्नलनी एकच प्रश्न विचारला, "फोर्कच्या आधी हे एफफ्लश कशाला?" मुलीने उत्तर वडापपासून सुरू केलं. एक्स्टर्नलनी तिला दुसरी जीप निघायच्या आतच थांबवलं आणि पूर्ण मार्क दिले.

कचेरीत पंतांची दुरुस्ती नेहमी अशीच असते: बदल एका ओळीचा आणि त्यामागचा खुलासा तीस ओळींचा. मॅनेजर एकदा म्हणाले, "पंत, आठवड्यात तुम्ही चार ओळी लिहिल्यात." पंत म्हणाले, "तीन. चौथी काढून टाकली." मॅनेजरच्या तक्त्यात काढून टाकलेल्या ओळीला रकाना नाही.

खुद्द बॅशमध्ये दोष सापडला तर कळवण्यासाठी बॅशबरोबरच 'बॅशबग' नावाची स्क्रिप्ट येते. पंत ती अधूनमधून चालवतात. सविस्तर पत्र लिहितात, दोष कसा घडवून आणायचा ते पायरीपायरीने मांडतात, आणि पाठवण्याआधी खात्री म्हणून मॅन्युअल उघडतात. मॅन्युअलमध्ये ते वागणं तसंच असल्याचं लिहिलेलं असतं. मग पंत पत्र पुसतात. त्या मॅन्युअलच्या शेवटी दोषांचं एक छोटं प्रकरण आहे आणि त्यात लेखकांनी स्वतःच कबूल केलंय की बॅश फार मोठं आणि फार संथ आहे. हे प्रकरण पंत अधूनमधून नुसतंच वाचतात. अशी कबुली देणारं मॅन्युअल आमच्या उत्पादनाला मिळावं, ही त्यांची जुनी मागणी मार्केटिंगवाल्यांनी अद्याप मान्य केलेली नाही.

पंतांना कुणी हरवलं असेल तर ते मराठीने. एका कामात जिल्ह्यांचा तक्ता देवनागरीत छापायचा होता. नाव, मग मोकळी जागा, मग आकडा. आकडे एकाखाली एक यायला हवेत. रोमन लिपीत हे पाच मिनिटांचं काम. देवनागरीत पहिल्याच दिवशी आकडे वाटेल तिकडे गेले. पंतांनी बाह्या सरसावल्या. ओडीने पहिला गुन्हेगार पकडून दिला: सी भाषेतलं प्रिंटएफ रुंदी बाइटांत मोजतं. 'पुणे' या शब्दात यूटीएफ-८ प्रमाणे १२ बाइट: प, उकार, ण, एकार अशी ४ चिन्हं आणि प्रत्येकाचे ३ बाइट. पडद्यावर मात्र उकार खाली, एकार वर, म्हणून जागा दोनच घरांची. प्रिंटएफला दहाची रुंदी सांगितली तर त्याच्या लेखी पुणे आधीच बाराचं आहे. ते एकही मोकळी जागा सोडत नाही.

पंतांनी बाइट सोडून घरं मोजायला लावली. पुणे सरळ झालं. नाशिक सरकलं. काना आणि वेलांटी यांना काही ठिकाणी स्वतंत्र घर मिळतं, काही ठिकाणी ती शेजारच्या अक्षरात सामावतात. प्रोग्रॅमचा हिशेब एक, टर्मिनलचा दुसरा, फॉन्टचा तिसरा. नाशिक बसवलं तर रत्नागिरीतल्या जोडाक्षराने दगा दिला. एका टर्मिनलवर सगळं जुळलं, ते घेऊन पंत अभिमानाने दुसऱ्या टर्मिनलपाशी गेले आणि तिथे आख्खा कोकण एक घर उजवीकडे सरकलेला होता. टर्मिनलचा पडदा म्हणजे एका आकाराच्या चौकोनी घरांची मांडणी. १९७८ सालच्या व्हीटी-१०० यंत्राची ८० घरांची ओळ आजही कित्येक खिडक्यांची मूळ रुंदी आहे. त्या घरांची मापं रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून ठरली. आपल्या वेलांट्या त्या मापात मावत नाहीत.

यात पंतांचं खरं दुःख वेगळंच होतं. ज्या यूटीएफ-८ मुळे 'पुणे' मुळात शेलमध्ये लिहिता येतं, ती पद्धतही केन थॉम्प्सन यांचीच. १९९२ साली त्यांनी रॉब पाइक यांच्याबरोबर न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात बसून, टेबलावरच्या कागदी चटईवर तिची आखणी केली. शेल देवाचं, बाइटही देवाचे, आणि तरी रत्नागिरी जागेवर बसेना. तक्रार करायची तर कुणावर, हा प्रश्न पंतांना पहिल्यांदाच स्वतःला विचारावा लागला, आणि याही वेळी कुणीच दोषी निघालं नाही. फक्त आनंद झाला नाही.

शेवटी पंतांनी तक्ताच मोडला. नावानंतर स्वल्पविराम, मग आकडा. आकडे एकाखाली एक आले नाहीत, पण भलत्या गावापुढेही गेले नाहीत. रंग काढून टाकणाऱ्या सहकाऱ्याने ते पाहिलं आणि तोंड भरून हसला. पंत हसले नाहीत. त्यांनी कोडमध्ये वर एक टिपण लिहिलं: हा तोडगा आहे, दुरुस्ती नाही. खाली कुठलं टर्मिनल काय मोजतं त्याची पूर्ण यादी जोडली. पुढे जो कुणी इथे येईल त्याने शून्यापासून सुरुवात करू नये, एवढाच हेतू.

टर्मिनलपंतांची लायकी मला त्या टिपणात दिसते. आमच्या धंद्यात तोडग्याला दुरुस्ती म्हणून खपवणारे पुष्कळ. जास्तीच्या ओळी हाताने पुसणारे, रंग काढून टाकणारे, टक्क्याची खूण झाकणारे, आणि मग स्टँडअपला 'डन' म्हणणारे. त्यांच्यामुळे रिलीझ वेळेवर जातो हे खरं. पण तो पुन्हा कधी बिघडला आणि का बिघडला हे सांगायला पंत लागतात. प्रत्येक कचेरीत असा एक माणूस असावा. दोन नकोत, दोन असले तर दोघं मिळून एकच ओळ बदलतील आणि ती टॅबने सरकवायची की स्पेसने यावर वर्ष घालवतील.

तुमच्याकडे असे पंत असतील तर एवढं करा. त्यांच्याकडे फोटो घेऊन जाऊ नका, मजकूर जसाच्या तसा न्या. काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं ते दोन वेगळ्या ओळींत लिहा, आणि पडद्यावर व फाइलीत सारखंच येतं का ते आधी बघून ठेवा. शेल बिघडलंय असं मात्र म्हणू नका. शेल बहुधा बिघडलेलं नसतं.